पणजोबांची वही: देऊळ, बाजार आणि शंभर वर्षांपूर्वीची वसई

बावखल · ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

गेल्या मे महिन्यात आमचं वाडीतलं जुनं घर उतरवलं. माळ्यावर भाताच्या कणगीमागे लाल कापडात गुंडाळलेली एक लांबट वही निघाली. पणजोबांची. १९११ ते १९२२ असा बारा वर्षांचा हिशोब, सगळा मोडीत. शेवटची काही पानं वाळवीनं खाल्लीत, बाकीची शाई अजून काळीभोर आहे. मोडी वाचणाऱ्या एका काकांकडे तीन महिने दर शनिवारी बसून ती देवनागरीत उतरवून घेतली.

पणजोबा पापडीजवळच्या वाडीतले कॅथॉलिक बागायतदार. बागायत म्हणजे केळी, थोडी पानवेल, वांगी-मिरची, एक विहीर, तिच्यावर रहाट आणि रहाटाला एक रेडा. एवढंच.

वही हातात घेतली तेव्हा वाटलं होतं नुसते आकडे असतील. पण पहिल्याच पानावर थबकलो, कारण तारखा. इंग्रजी तारीख क्वचित. त्याऐवजी 'राखेच्या बुधवारी', 'झावळ्यांच्या रविवारी', 'आगेऱ्याच्या आदल्या दिवशी'. आणि त्याच शाईत, त्याच हातानं, 'कार्तिक वद्य ११, निर्मळ'. निर्मळची जत्रा. माणूस मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणारा, पण माल विकायला एकादशीला निर्मळला उभा. दोन्ही पंचांगं एकाच डोक्यात होती.

हळूहळू लक्षात आलं की वर्षाचा सगळा पैसा देवळाच्या (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात) दिवसांभोवती फिरतोय. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपवासाचे दिवस. त्या काळात धूमधडाक्यात लग्नं लावायला चर्चची मनाई, नाताळच्या आधीचे चार आठवडेही तसेच. म्हणजे लग्नाचं कापड, सोनं, बँडवाल्यांचा विसार, जेवणाचा तांदूळ, हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीत आणि मग ईस्टरनंतर मेपर्यंत दाटून यायचं. वहीत कापडवाल्या शेटकडची उधारी बरोबर याच महिन्यांत फुगते. शेटला देवळाचं कॅलेंडर पाठ असणार. शुक्रवारी मांस नाही, म्हणून शुक्रवारी मासळीचा खर्च दुप्पट. पाचूबंदरच्या कोळणींनाही ते पाठ असणार.

मुंबईचा व्यवहार वेगळा. १८६४ साली बी.बी. अँड सी.आय.ची (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची) गाडी वसईवरून जायला लागली तोवर माल होडीनं जायचा. पणजोबांच्या काळात गाडी रुळली होती, पण स्टेशन पापडीपासून पाचेक किलोमीटरवर. रात्री दोन-अडीचला बैलगाडी जुंपायची, जुवाखाली कंदील टांगायचा आणि पहाटेच्या गाडीला माल चढवायचा. चार दिवसांनी भायखळ्याच्या दलालाची पट्टी यायची. वहीत एक पट्टी जशीच्या तशी चिकटवलेली आहे. विक्री ११ रुपये ६ आणे. त्यातून वजा: आडत, हमाली, तोलाई आणि शेवटी 'धर्मादाय'. हा धर्मादाय म्हणजे व्यापारी प्रत्येक सौद्यातून चिमूटभर काढून पांजरपोळासारख्या कामांना द्यायचे तो. पापडीच्या कॅथॉलिक माणसाच्या वांग्यांतून मुंबईतल्या म्हाताऱ्या गाईंचा चारा जात होता, आणि पणजोबांनी त्याबद्दल कुठे तक्रार लिहिलेली नाही. मला हे फार आवडलं.

तीन गोष्टींवर मदत हवी आहे.

एक, 'सुकेळी २ मण, मांडव नवा' अशा नोंदी. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, मी खाल्लीत, करताना कधी पाहिली नाहीत.

दोन, १९१८ पासून 'सोसायटी' असं खातं सुरू होतं. हीच का ती धर्मगुरू मोन्सिन्योर मोनिस यांनी सुरू केलेली पतसंस्था?

तीन, १९१८ च्या ऑक्टोबरात आगेऱ्यानंतर एकोणीस दिवसांत चार वेळा 'घंटा २ आणे' आहे. त्याच्या आधी बारा-बारा महिन्यांत एखाददुसरी. देवळात नवी घंटा बसवली असेल आणि वर्गणी काढली असेल असं मी धरलंय. त्याच पानावर 'आंब्याच्या फळ्या, खिळे' हेही चारदा. ते केळी पाठवायच्या पेट्यांसाठी असावं.


पुणेरी_शाल · ३ ऑगस्ट, रात्री १०:१५

अप्रतिम. आगेरा म्हणजे काय? आणि तुमच्या नावातलं बावखल म्हणजे?


बावखल · ३ ऑगस्ट, रात्री १०:३२

आगेरा म्हणजे कापणीचा सण, ऑक्टोबरचा पहिला रविवार. नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेऊन आशीर्वाद घ्यायचा, मग कापणीला हात घालायचा. बावखल म्हणजे वसईतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. समुद्र इतका जवळ असून आमच्या बागा जगल्या त्या या बावखलांमुळे. आता बरीच बुजवली गेली, म्हणून नाव तेच घेतलं.


राजेळी · ४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

सुकेळीबद्दल मी सांगते. माहेर आगाशीचं, आजी दरवर्षी करायची, मी तिच्या हाताखाली केलीत.

केळं राजेळीच लागतं. दुसऱ्या केळ्याची सुकेळी होत नाहीत, होतात त्याला सुकेळी म्हणू नये. घड पूर्ण भरला की हिरवाच उतरवायचा. बांबूच्या मोठ्या डालग्यात भाताचा पेंढा घालून त्यात फण्या दडपायच्या, वरून पुन्हा पेंढा. आठवडाभरात पिवळीधमक पिकतात. मग सोलायची. सोलताना नख लागता कामा नये, नख लागलं की तिथे काळा डाग पडतो आणि तेवढं केळं घरच्या पोरांच्या वाट्याला येतं. आम्ही त्या डागांची वाटच बघायचो.

मांडव पुरुषभर उंच, वर काटक्या-गवताची चटई. त्यावर एकेक केळं अंतर राखून. दिवसभर ऊन. आणि कसब इथेच आहे: संध्याकाळी दव पडायच्या आत सगळी उचलायची, चटईवर एकत्र रचायची आणि झाकायची. रात्रभर ती आपल्याच रसात मुरतात. सकाळी पुन्हा मांडवावर, पालथी करून. असं सात-आठ दिवस. रंग आधी पिवळा, मग मधासारखा, मग तांबूस. बोटानं दाबलं तर दबलं पाहिजे पण चिकटता कामा नये. आजी दाबून बघायची नाही, वास घेऊन सांगायची. शेवटी केळीच्याच वाळक्या सोपात गुंडाळून बांधायची. सोप म्हणजे खोडाची साल. अशी बांधलेली सुकेळी महिनोन् महिने टिकतात.

म्हणून तर 'मांडव नवा' ही मोठी नोंद आहे. ओलं केळं दोन दिवसांत विकावं लागतं, दलाल म्हणेल त्या भावाला. सुकेळी झाली की शेतकरी थांबू शकतो. निर्मळच्या जत्रेला नेऊन स्वतःच्या हातानं विकू शकतो, मध्ये आडत नाही की हमाली नाही.

एक शंका मात्र आहे. केळी पेट्यांतून जात नव्हती. आमच्याकडे कधीच नाही. डालगी नाहीतर हारे, पेंढा घालून. फळ्यांची पेटी वजनाला जड आणि केळं त्यात घुसमटतं. तेव्हा त्या आंब्याच्या फळ्या कशाच्या ते पुन्हा बघा.


हिशोबनीस · ४ ऑगस्ट, दुपारी १:२०

सोसायटीबद्दल. हो, पापडीला १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी पतसंस्था काढली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. तुमच्या पणजोबांचं खातं त्याच वर्षी सुरू होत असेल तर ते अगदी पहिल्या लोकांपैकी असणार.

मी सहकार खात्यात नोकरी केली म्हणून थोडं मागचं सांगतो. भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ चा, दुसरा १९१२ चा. नमुना घेतला होता जर्मनीतल्या रायफायझनचा. रायफायझनचं म्हणणं असं की कर्ज देणारी संस्था एवढी लहान हवी की प्रत्येक सभासद दुसऱ्याला ओळखतो. त्याच्या डोक्यात एक गाव, एक चर्च हेच माप होतं. तारण जमिनीचं नाही, माणसाची पत हेच तारण. १९०४ च्या कायद्यात ग्रामीण संस्थांना अमर्याद जबाबदारी होती: एकानं बुडवलं तर बाकीच्यांनी भरायचं. असं ओझं लोक कुणासोबत उचलतील? ज्याच्या शेजारी दर रविवारी गुडघे टेकतात त्याच्यासोबतच. एकमेकांचा रहाट चालतो की बंद आहे, पोरगी लग्नाची आहे की नाही, सगळं ठाऊक. वसईत संस्था एका धर्मगुरूनं काढली यात मला नवल वाटत नाही.

याच्या आधी काय होतं ते वहीत सापडेल. 'अंगावर' हा शब्द आहे का बघा.


बावखल · ४ ऑगस्ट, रात्री ९:१०

आहे! १९१३ मध्ये 'शेटकडून अंगावर २५ रुपये', १९१५ मध्ये पुन्हा ४०. मला वाटलं अंगावरचे कपडे.


हिशोबनीस · ४ ऑगस्ट, रात्री ९:४४

नाही, अंगावर म्हणजे पुढच्या पिकाच्या भरवशावर घेतलेली उचल. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा घ्यायची, आणि मग केळी-पानं त्याच शेटला, तो सांगेल त्या भावानं. व्याज वेगळं लिहायची गरजच नाही, ते भावात वसूल. धान्य घेतलं तर सवाईनं, म्हणजे मणाला सव्वा मण परत. कोळ्यांमध्येही हीच रीत. शेट वाईट माणूस असेलच असं नाही, दुष्काळात दार उघडं ठेवणारा तोच एक होता. पण एकदा अंगावर घेतलं की आपल्या मालाचा भाव आपल्या तोंडी राहत नाही. १९१८ नंतर 'अंगावर' दिसतं का?


बावखल · ४ ऑगस्ट, रात्री १०:०५

आत्ताच सगळी वही चाळली. १९१९ मध्ये एकदा, ८ रुपये. त्यानंतर नाही.


नगरची_वेस · ५ ऑगस्ट, सकाळी ११:३०

नगरकडची थोडी भर. आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशनचं काम, तिथला मेळ वेगळा होता. वसईच्या ख्रिस्ती माणसाकडे पिढ्यान् पिढ्या वाडी होती. पोर्तुगिजांनी १५३४ मध्ये वसई घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी जिंकली, तरी हे लोक आपल्या जमिनीवर राहिले. नगरला मात्र छपन्नाच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, मिशनच्या आसऱ्याला आलेल्या मुलांकडे जमीन नव्हती. त्यांना हातात धंदा देणं भाग होतं. म्हणून सुतारकाम, धातुकाम, गालिचे. डी. सी. चर्चिल नावाचे मिशनरी मुळात इंजिनियर, त्यांनी नगरला बसून जलद चालणारा हातमाग तयार केला. माझे आजोबा त्याच माग-शाळेच्या वातावरणात वाढले. ते म्हणायचे, उपासनेची घंटा आणि कामाची घंटा एकच होती, आवाजावरून नाही, वेळेवरून ओळखायची.


टोरांटोचा_वसईकर · ५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

घंटेवरून आठवलं. पहाटे, दुपारी बाराला आणि संध्याकाळी अशी दिवसातून तीनदा घंटा व्हायची. घड्याळ कुणाकडे होतं? दुपारच्या घंटेला रहाट थांबायचा, रेड्याला सावलीत बांधायचं. माझी आजी सांगायची की बाजारातले वाणीही त्याच घंटेला फळी लावून जेवायला जायचे.

आणि लिलाव! आगेऱ्याला देवळात वाहिलेलं पहिलं फळ, कोंबडा, भोपळा मिस्सा सुटल्यावर पायरीवर लिलावात निघायचा. आमच्या आजोबांनी एक दुधी बाजारभावाच्या चौपट देऊन घेतला होता, आईच्या आजारपणात बोललेला नवस म्हणून. लिलाव हा शब्दसुद्धा पोर्तुगिजांकडूनच मराठीत आला, तसेच पगार, साबण, चावी, पाव, कोबी. आपण दिवसभर बाजारात तीच भाषा बोलतो.


पुणेरी_शाल · ५ ऑगस्ट, रात्री ८:१२

देवळातली भाषा कोणती असायची तेव्हा? पोर्तुगीज?


टोरांटोचा_वसईकर · ५ ऑगस्ट, रात्री ८:४०

मिस्सा लॅटिनमध्ये, सगळ्या जगात तसंच होतं. घरातली भाषा मात्र मराठी, प्रत्येक वाडीची आपली बोली. पोर्तुगालचा अधिकार राजकारणात १७३९ ला संपला, पण देवळांवरचा राहिला. पोप आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १८८६ च्या करारानंतर आमची देवळं दमणच्या धर्मप्रांतात होती, १९२८ च्या करारानंतर मुंबईकडे आली. म्हणजे तुमच्या वहीच्या काळात माणूस इंग्रजांच्या राज्यात सारा भरत होता, पोर्तुगीज व्यवस्थेच्या देवळात बाप्तिस्मा घेत होता आणि हिशोब मोडीत लिहीत होता.


जुना_कॉयर · ६ ऑगस्ट, पहाटे ५:१५

बाळा बावखल, मी ८३ वर्षांचा आहे. चाळीस वर्षं देवळात कॉयरमध्ये गायलो. नातू टाईप करून देतोय.

तुझी घंटेची गोष्ट मी तीन दिवस वाचतोय, आणि लिहू की नको असं झालं. घंटा २ आणे ही वर्गणी नाही. आमच्या लहानपणीपर्यंत कुणी गेलं की घरचा माणूस देवळात जाऊन सांगायचा, मग घंटा वाजायची. सणाची घंटा भराभर, मरणाची एकेक ठोका, मध्ये लांब अंतर. वाडीतली माणसं हातातलं काम ठेवून ठोके ऐकायची. घंटा वाजवणाऱ्याला त्याचे पैसे द्यायचे असत. माझ्या बापाच्या वेळी मी स्वतः नेऊन दिलेत.

१९१८ चा ऑक्टोबर म्हणजे मानमोडीची साथ. इन्फ्लुएन्झा. मुंबईत ती जूनमध्ये आली, सप्टेंबर-ऑक्टोबरात फार वाईट झाली. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, लढाईमुळे तांदूळ महाग, पोटात अन्न नाही. माझी आई सांगायची की खांदा द्यायला माणूस मिळत नव्हता.

राजेळीताईंनी फळ्यांचं बरोबर विचारलं. सागाची पेटी श्रीमंताची. गरिबाची आंब्याच्या फळ्यांची.

देवळात मृतांची नोंदवही असते. फादरांना भेट.


राजेळी · ६ ऑगस्ट, सकाळी ६:३०

मी नुसतं केळ्यांचं म्हणून लिहिलं होतं. माफ करा.


बावखल · ९ ऑगस्ट, रात्री ११:२०

माफी कशाची, ताई. तुम्ही विचारलं नसतं तर मी ते पान 'पेट्या' म्हणून कायमचं मिटवून टाकलं असतं.

काल देवळात गेलो होतो. फादरांनी कपाटातून नोंदवही काढली, हातात दिली नाही, टेबलावर ठेवून पानं स्वतः उलटली. कागद फार जीर्ण आहे. १९१८ चा ऑक्टोबर एका पानात मावत नाही, सात पानं आहेत. आधीचं अख्खं वर्ष दोन पानांत आहे. नोंदी आधी नीट, रेघेवर. मग अक्षर तिरपं होत जातं, मग वेगळंच अक्षर सुरू होतं.

आमच्या घरची चार नावं. पणजोबांची धाकटी बहीण. मग मुलं: सहा वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी, दीड वर्षांची मुलगी. एकोणीस दिवसांत.

माझे आजोबा एकुलते एक, असंच आम्ही आजवर ऐकत आलो. ते तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यांनी कधीच काही सांगितलं नाही. बाबांना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. बाबा नावं वाचून बराच वेळ बसून होते. चार वर्षांच्या मुलीचं जे नाव, तेच आजोबांनी माझ्या आत्याला ठेवलं आहे.

मग पुन्हा वही उघडली. चौथ्या 'घंटा २ आणे'नंतर सतरा दिवस पान कोरं आहे. पणजोबा एक दिवस सोडणारा माणूस नव्हता. त्यानंतरची पहिली ओळ: 'रेड्यास पेंड ९ आणे.' दुसरी: 'सोसायटी ३० रुपये, फळ्या व औषध उधारी फेड.' हिशोबनीस काका, ते पहिलं कर्ज कशासाठी काढलं होतं ते असं कळलं. शेटच्या अंगावर न घेता सोसायटीकडून घेतलं, आणि दीड वर्षात सुकेळीच्या पैशांतून फेडलं. प्रत्येक हप्ता लिहिलेला आहे.

आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे मी आधी किराणा म्हणून पाहिलं होतं. २ नोव्हेंबर, सर्व मृतांचा दिवस. १९११ पासून दर वर्षी 'मेणबत्त्या २', पणजोबांच्या आई-वडिलांच्या असणार. १९१८ ला त्या दिवशी पान कोरंच आहे. १९१९ ला 'मेणबत्त्या ६'. १९२० ला ६. १९२१ ला ६. १९२२ चं ते पान वाळवीनं खाल्लंय, पण कोपऱ्यात 'मेण' एवढं शिल्लक आहे.